प्रभूला सामोरे जाणे: संकट की स्वागत?

प्रश्न असा आहे: "श्रद्धांजलीत मी 'आजोबा आता प्रभूला सामोरे गेले' असं लिहिलं. एका वाचकाने हरकत घेतली की सामोरं जातात ते संकटाला, प्रभूला नव्हे. बरोबर कोण?"

हरकत घेणाऱ्याच्या कानाला दोष देता येत नाही. बातम्यांमधली माणसं टीकेला, चौकशीला आणि पराभवालाच सामोरी जातात. पण या शब्दाचा संसार एवढाच नाही. 'सामोरा' म्हणजे ज्याचं तोंड आपल्याकडे आहे तो. येणाऱ्याला घ्यायला चार पावलं पुढे होणं, हेही सामोरं जाणंच. बखरींतली माणसं भेटीसाठी अशीच सामोरी जातात. (शब्द विकारी आहे, हेही विसरत चाललंय: तो सामोरा, ती सामोरी, त्या सामोऱ्या. आता सरसकट 'सामोरे'.)

तेव्हा प्रभूला सामोरं जाण्यात वावगं काही नाही. मराठी बायबलात थेस्सलनीकाकरांस (थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 4:17 मध्ये, म्हणजे चौथ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात, हाच शब्द येतो. हे पत्र ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने इ. स. 50च्या सुमारास लिहिलं. तिथल्या मंडळीला घोर लागला होता की प्रभू येशू परत येण्याआधीच आपली जी माणसं वारली, ती त्या दिवसाला मुकणार का? पौल सांगतो, ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबर प्रभूला सामोरे होतील. शोक करू नका, असं तो म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, म्हणतो.

मूळ ग्रीक शब्द 'आपान्तेसिस'. मान्यवर नगराकडे येत असला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला घेऊन येत, त्यासाठी तो वापरत. हाच शब्द बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 28:15 ला आहे. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे आणि तिथले ख्रिस्ती बंधू साठेक किलोमीटर चालून अप्पियाच्या पेठेपर्यंत त्याला घ्यायला येतात. त्यांना पाहून त्याला धीर येतो. आता 4:17 मध्ये भेटीनंतर सगळे प्रभूबरोबर पृथ्वीकडे वळतात की वर जातात, यावर मतभेद आहेत. वचन एवढंच सांगतं की ते सदैव प्रभूजवळ राहतील. मला स्वागताचा अर्थ जास्त पटतो, पण केवळ शब्दावरून तो सिद्ध होत नाही.

येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यातही, मत्तय 25:6 मध्ये, मध्यरात्री हाक येते ती वराला सामोरं जाण्याची. दहाही जणी दिवे घेऊन वराची वाट बघताहेत, पण दिव्यांसाठी जास्तीचं तेल फक्त पाच शहाण्यांनी आणलं आहे. एक बारकावा बघा: वराला उशीर झाल्यावर दहाही जणींना झोप लागते, शहाण्यांनासुद्धा. झोपल्याबद्दल कुणालाच बोल नाही. फरक पडतो तेलाने. तयारी म्हणजे डोळे ताणून आकाशाकडे बघत बसणं नव्हे. थेस्सलनीकाकरांनाही पौल आधी 4:11 मध्ये सांगतो की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, हातांनी काम करा. प्रभूच्या येण्याचा विषय तो सविस्तर मांडतो त्यानंतर.

आता तुमच्या वाक्याकडे. शब्द शुद्ध आहे, काळ चुकला. या पत्रातलं सामोरं जाणं व्हायचं आहे, आणि ते एकेकट्याचं नाही, उठलेल्यांचं आणि जिवंतांचं मिळून आहे. एकाच्या मृत्यूला तो शब्द लावला की त्या दिवसाचा सगळा घोळका गळून पडतो. शिवाय 'प्रभूला सामोरे गेले' यात न्यायासनासमोर उभं राहिल्याची छटा डोकावते, ती तुम्हाला नको असणार. मृत्यूसाठी 'प्रभूमध्ये झोपी गेले' आहे, 'प्रभूजवळ गेले' आहे. सामोरं जाणं ठेवायचंच असेल तर भविष्यकाळात ठेवा: "आजोबा प्रभूमध्ये झोपी गेले. प्रभू येईल तेव्हा आम्ही त्यांच्यासोबत त्याला सामोरे जाऊ."