वाचकांचे प्रश्न : भूकंपात नेमकं मारतं काय?

गेल्या अंकात भूकंपावर लिहिलं आणि त्यावर इतके मेल आलेत की या वेळी बाकी विषय बाजूला ठेवतोय. पुष्कळ प्रश्न सारखेच होते, त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न : चिलीत २०१० साली ८.८ चा भूकंप झाला आणि माणसं गेली सव्वापाचशेच्या आसपास. किल्लारीला १९९३ मध्ये जेमतेम ६.२ आणि दहा हजारांच्या आसपास गेली. मग त्या रिश्टरच्या आकड्याला अर्थ काय राहिला?

उत्तर : अर्थ आहे हो, पण तुम्ही त्याला जे विचारताय ते तो सांगतच नाही. जमिनीखाली किती ऊर्जा सुटली एवढंच तो सांगतो, आणि एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट, म्हणजे चिलीत किल्लारीच्या काही हजार पट सुटली. (मोठ्या भूकंपांना आता रिश्टर वापरतच नाहीत, माप वेगळं आहे, पण आपल्या तोंडी तोच शब्द बसलाय, असो.) माणूस मरतो तो डोक्यावर काय कोसळलं त्याने.

किल्लारीच्या घराची भिंत डोळ्यासमोर आणा. चांगली दोन-अडीच फूट जाड, बघणाऱ्याला वाटावं हिला काय होणार. पण ती एक भिंत नव्हतीच, बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मधे चिपा आणि माती कोंबलेली, आणि दोन्ही थरांना धरून ठेवेल असा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. हादरे बसले की ती मधली भर खाली दबते, पाचरीसारखी दोन्ही थरांना बाहेर रेटते, भिंतीला पोट येतं आणि मग ती उभी फाटते. वर मातीचं माळवद, गळती थांबवायला त्यावर वर्षानुवर्षं माती चढवत गेलेली. वेळ पहाटे चारच्या जरा आधीची, सगळे गाढ झोपेत, आणि भूकंपाचं केंद्र उथळ, जवळजवळ गावांच्या पायाखालीच. काही घरांत तर लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या होत्या, भिंती तेवढ्या ढासळल्या होत्या. ज्यावर भरवसा त्यानेच घात केला.

चिलीने १९६० मध्ये ९.५ चा भूकंप पाहिलाय, जगात मोजलेला सगळ्यात मोठा. त्यांचे बांधकामाचे नियम कडक आहेत, आणि पहिल्या दहा वर्षांत भूकंपाने बिल्डिंगचं नुकसान झालं तर ती बांधून विकणाऱ्या मूळ मालकाची मान पकडता येते. माझ्या मते नियमापेक्षा या शेवटच्या गोष्टीनेच जास्त जीव वाचले असतील.

प्रश्न : सिनेमात दाखवतात तशी जमीन दुभंगून माणसं आत जातात का?

उत्तर : दर वेळी हा प्रश्न येतोच! तशी दरी उघडत नाही. भ्रंश म्हणजे खडकातली जी चीर सरकल्याने भूकंप होतो ती, तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकतात, दार उघडल्यासारख्या लांब जात नाहीत. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपात भ्रंशावरून गेलेलं एक कुंपण मधोमध तुटलं आणि त्याची दोन टोकं कित्येक फूट इकडेतिकडे झाली, बाकी कुंपण आपलं सरळ उभं. उतारावर, नदीकाठी भेगा पडतात, त्यात पाय अडकू शकतो, पण गाव गडप होत नाही.

आता खरी भीती कशाची ते सांगतो. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर एका जागी उभं राहून पाय भराभर आपटून बघा, आधी टणक लागणारी वाळू बघता बघता लिबलिबीत होते, वर पाणी येतं आणि पाय रुततो. का, तर वाळूचे कण एकमेकांना टेकून वजन पेलत असतात, हादऱ्याने ते आणखी दाटीने बसू बघतात, पण मधल्या पाण्याला पळायला वाट नसते, मग सगळा भार पाण्यावर येतो आणि कण तरंगायला लागतात. याला द्रवीभवन म्हणतात. जपानमध्ये निइगाता शहरात १९६४ साली याच कारणाने चार-चार मजली इमारती खेळण्यातल्या ठोकळ्यांसारख्या कलंडल्या, एक तर जवळजवळ आडवीच झाली, आणि गंमत म्हणजे सांगाडा फारसा तुटला नाही. बांधकाम चांगलं, जमीन दगाबाज. अशा वेळी जमिनीत पुरलेल्या रिकाम्या टाक्या उलट वर येतात, कारण त्या हलक्या.

इंडोनेशियात पालू इथे २०१८ मध्ये याहून वाईट झालं. उतार अगदी थोडा, पण पेटोबो आणि बालारोआ या वस्त्यांखालची जमीन चिखल होऊन वाहायला लागली, घरं, झाडं, रस्ता सगळं घेऊन. जमिनीने गिळलं म्हणायचंच असेल तर याला म्हणा.

प्रश्न : केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आणि तरी शहर पडतं, हे कसं?

उत्तर : मेक्सिको सिटीबद्दल विचारताय ना, १९८५. ते शहर बरंचसं जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलंय. लांबून येता येता क्षीण झालेल्या लाटा त्या गाळात शिरल्या आणि तो सुमारे दोन सेकंदांच्या तालावर डुलायला लागला. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो किती उंच जातो बघा, तसं. साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींचा डुलायचा ताल त्याच्याशी जुळत होता, त्या सगळ्यात जास्त पडल्या. शेजारचं बुटकं जुनं घर शाबूत आणि ४४ मजली तोरे लातिनोअमेरिकाना टॉवरही शाबूत.

प्रश्न : ढिगाऱ्याखालून बाहेर काढेपर्यंत माणूस व्यवस्थित बोलत असतो आणि बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात जातो, असं वाचलं. हे खरं आहे का?

उत्तर : खरं आहे, आणि ऐकायला फार वाईट वाटतं. पायावर स्लॅब पडून तास न् तास दाबलेला असला की तिथले स्नायू मरायला लागतात. स्लॅब उचलला की अडलेलं रक्त परत फिरतं आणि त्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयाकडे जातं, ठोके बिघडतात. यातून वाचला तरी स्नायूंमधलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीत जाऊन बसतं, लघवी काळपट लाल होते, मग बंदच होते. क्रश सिंड्रोम म्हणतात याला. म्हणून जाणते डॉक्टर माणूस अडकलेला असतानाच, जो हात मोकळा असेल त्याला सलाईन लावतात आणि मग वजन उचलू देतात. आपण बघे मात्र "ओढा, ओढा" करत असतो.

१९८८ मध्ये आर्मेनियातल्या स्पिटाकच्या भूकंपात असे रुग्ण शेकड्याने आले आणि डायलिसिस मशीन पुरेनात, बाहेरच्या देशांतून मागवावी लागली. त्यातून धडा घेऊन किडनीच्या डॉक्टरांनी आपत्तीत धावून जाणारी आंतरराष्ट्रीय टीम उभी केली, ती १९९९ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात कामी आली. तिथे किडनीचा त्रास झालेले सहाशेच्या वर होते.

प्रश्न : हादरे थांबले की धोका संपला ना?

उत्तर : अजिबात नाही. आफ्टरशॉक तर येतातच, अर्धवट उभ्या भिंती त्यातच जातात. टोकियोत १ सप्टेंबर १९२३ ला भूकंप आला तो दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना, घरोघरी चुली पेटलेल्या, वारा सुटलेला, लाकडी घरं. त्या भूकंपात लाखाच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत.

आणि डोंगराळ भागात तर वेगळीच तऱ्हा. १५ ऑगस्ट १९५० च्या आसाम-तिबेट भूकंपात डोंगर ढासळून सुबनसिरी नदी अडली. खालच्या गावांना वाटलं असेल, सुटलो एकदाचे. आठ दिवसांनी तो मातीचा बांध फुटला आणि पाण्याची भिंतच्या भिंत गावांवर आली. चीनमध्ये २००८ ला तांगजियाशानला असंच तळं झालं होतं, पण तिथे आधी लोक हलवले, बांधाला चर खणला आणि पाणी हळूहळू सोडून दिलं. त्यामुळे नदीचं पाणी एकदम आटलेलं दिसलं तर मासे वेचायला पात्रात उतरू नका, वर कुठेतरी ते साठत असतं.