साराभाईंचं नाव घेतेस म्हणून

काय गं, मेल वाचला तुझा. क्यूबसॅट, म्हणजे हातात मावेल एवढा छोटा उपग्रह, करायचाय, कॉलेजात धड लॅब नाही, पैसे नाहीत, आणि शेवटी आपला अंतराळ कार्यक्रम उभारणाऱ्या विक्रम साराभाईंचा दाखला, की त्यांनी पण शून्यातूनच केलं. शून्य कुठलं? घरच्या गिरण्या होत्या, केंब्रिजची पीएचडी होती, पाठीशी होमी भाभा होते. हे सोडून नुसते फोटो फॉरवर्ड करण्यात काय अर्थय.

घ्यायचं तर दुसरंच घे. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळात थुंब्याहून जे पहिलं रॉकेट उडालं ना, ते आपलं नव्हतंच, नाइकी-अपाची, अमेरिकेचं, आतलं सोडियमची वाफ सोडणारं यंत्र फ्रान्सचं, जुळणी केली चर्चमध्ये आणि ऐन वेळी क्रेनचं हायड्रॉलिक गळायला लागलं तर पोरांनी रॉकेट हातांनी लाँचरवर चढवलं. मग आपलं काय होतं? जागा. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथं चुंबकसूची अगदी आडवी राहते ती रेषा, थुंब्याजवळून जातं, तिथं साधारण 100 किलोमीटर उंचीवर विजेचा प्रवाह वाहतो, एवढ्या वर फुगा पोचत नाही आणि एवढ्या खाली उपग्रह टिकत नाही, म्हणजे वर जाऊन मोजमाप करून खाली पडणारं छोटं साउंडिंग रॉकेटच पाहिजे. त्या प्रवाहाचा अभ्यास करायचाय तर या आपल्या मच्छीमारांच्या गावात! ती जागा हेरणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

टीव्हीचंही तसंच. 1969 मध्येच साराभाईंनी उपग्रहासाठी नासाशी करार केला, स्वतः 1971 ला गेले, वय अवघं 52, आणि 1975-76 मध्ये उसन्या अमेरिकन उपग्रहावरून 2400 खेड्यांत शेती-आरोग्याचे कार्यक्रम दिसले. ते काम सांभाळलं परत चिटणीसांनीच. उपग्रह दुसऱ्याचा, पण तो कशाला पाहिजे हे इथं ठरलेलं.

आता तुझं प्रपोजल बघ. तीन पानं नुसती पार्ट्सची, मोजायचं काय ते कुठंच नाही. अगं, तुमच्या मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडून माणसं-गुरं दगावतात, वीज चमकली की एएम रेडिओत खरखर येते, ती वेळेसकट नोंदवणारा रिसीव्हर स्वस्तात होतो, दोन-तीन गावांत मैत्रिणींच्या घरी ठेवलेस तर वादळ कुठून कुठं सरकतंय याचा अंदाज घेता येईल का? बघ विचार करून, एका पानात लिही आणि जूनच्या आत पाठव, क्यूबसॅटचं नंतर बोलू.