‘क्लस्टर’, ‘बंच’, ‘क्लम्प’, ‘हडल’: सगळ्यांचा अर्थ ‘समूह’च, मग कुठे कोणता वापरायचा?

इंग्रजी-मराठी शब्दकोशात या सगळ्या शब्दांपुढे ‘समूह, पुंजका, घोळका’ हेच छापलेलं असतं. ते बाजूला ठेवा आणि एकच बघा: वस्तू एकमेकींजवळ कशामुळे आहेत? देठामुळे, मुळामुळे, दोरीमुळे, की नुसत्याच शेजारी आल्यात? मराठीला ही सवय आहेच. कोथिंबिरीचा घड कोणी म्हणत नाही, आणि केळ्यांची जुडीही नाही.

वाशीच्या फळबाजारात केळीचा अख्खा घड उतरतो, त्याच्या फण्या सुटतात, फणीतून एकेक केळं. शेतीच्या इंग्रजीत यांना क्रमाने ‘बंच’, ‘हँड’ आणि ‘फिंगर’ म्हणतात. दुकानातलं इंग्रजी मात्र ढिलं: तिथे ‘अ बंच ऑफ बनानाज’ म्हणजे फणी, किंवा फणीचा पाच-सहा केळ्यांचा तुकडा. भाषांतर करताना लोक इथेच फसतात आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत अख्खा घड घालतात.

‘बंच’ची खूण अशी की बहुधा एक टोक एकत्र आणि दुसरं मोकळं. कोथिंबिरीची जुडी, द्राक्षांचा घड, फुलांचा गुच्छ, किल्ल्यांचा जुडगा, सगळे ‘बंच’. भोवती दोरी फिरली की ‘बंडल’: लाकडांची मोळी, कपड्यांचं गाठोडं. कापलेल्या पिकाची पेंढी ‘शीफ’, आणि हातात धरलेले सुटे कागदही ‘शीफ’च. नोटांच्या बाबतीत बँकेचा हिशेब पक्का असतो: १०० नोटांचं एक पॅकेट, १० पॅकेटांचं एक बंडल. खिशातून काढलेली दुमडलेली जाड चवड मात्र ‘वॉड’. मसाला मार्केटमधल्या गोण्यांची थप्पी ‘स्टॅक’, कारण ती रचलेली असते. शेजारी ओतलेला ढीग ‘हीप’.

‘बंच’ क्रियापद म्हणूनही चालतं, आणि ठाणेकराला त्याचा अर्थ बसथांब्यावरच कळतो. अर्धा तास काही नाही, मग एकाच नंबरच्या दोन बस पाठोपाठ. याला ‘बस बंचिंग’ म्हणतात. पुढची बस थोडी उशिरा आली की थांब्यावर माणसं जास्त साठलेली असतात, चढ-उतारात ती आणखी मागे पडते. मागचीला माणसं कमी मिळतात, ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. म्हणजे यात दर वेळी ड्रायव्हरचा दोष असतोच असं नाही.

‘क्लस्टर’मध्ये प्रत्येक वस्तू वेगळी मोजता येते, पण लांबून सगळ्या मिळून एक दिसतात. कृत्तिका हा ‘स्टार क्लस्टर’. गवारीच्या शेंगा झुबक्याने लागतात म्हणून तिचं इंग्रजी नाव ‘क्लस्टर बीन’. ठाण्यात हा शब्द किसननगर-वागळे भागातल्या सामूहिक पुनर्विकासामुळे घरोघरी पोचला. पण ‘आमची बिल्डिंग क्लस्टरमध्ये गेली’ याचं शब्दशः इंग्रजी करू नका, बाहेरच्याला काहीच कळणार नाही. ‘क्लस्टर रीडेव्हलपमेंट’ असं पूर्ण लिहा.

‘क्लम्प’ला जमीन किंवा चिकटपणा लागतो. बांबूचं बेट म्हणजे ‘क्लम्प ऑफ बांबू’. मराठीतला ‘बेट’ इथे इतका चपखल बसतो की दुसरा शब्द शोधूच नये. ऐरोलीच्या खाडीकाठी एकटीदुकटी उगवलेली तिवरांची बेटंही ‘क्लम्प’, सलग पट्टा असला तर ‘फॉरेस्ट’. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचे गोळे होतात, तेही ‘क्लम्प’च.

माणसांकडे आलं की प्रश्न देठाचा राहत नाही, हेतूचा होतो. ठाणे स्टेशनच्या पुलावरची गर्दी ‘क्राउड’. हा साधा शब्द, कुठेही चालतो. ‘थ्रॉंग’ दाटीने लोटणारी गर्दी, पण तो बोलण्यापेक्षा लिहिण्यातला. ‘मॉब’ लिहिलं की दगड हातात आलेच. ‘हडल’ची खूण सोपी: डोकी आत, पाठी बाहेर. सामन्याआधी खेळाडू करतात ते, किंवा पाऊस चुकवायला एका पत्र्याखाली अंग चोरून उभी राहिलेली चौघं-पाचजणं. थंडी, आडोसा किंवा कानगोष्ट, यांतलं काही नसेल तर ‘हडल’ वापरू नका.

चेंगरण्याइतकी दाटी म्हणजे ‘क्रश’. लोकलसाठी रेल्वेचा ‘सुपर डेन्स क्रश लोड’ हा शब्दप्रयोग आहे, एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी. चेंगराचेंगरीला आपले पेपर सरसकट ‘स्टॅम्पीड’ लिहितात. मूळ अर्थाने ती उधळलेल्या गुरांची धाव. गर्दीत माणसं बहुतेकदा पळताना तुडवली जाऊन मरत नाहीत, जागच्या जागी छाती दाबली जाऊन गुदमरतात. म्हणून जाणकार ‘क्राउड क्रश’ म्हणतात, आणि मलाही तोच शब्द बरोबर वाटतो.

पशुपक्ष्यांचं थोडक्यात: थवा आणि मेंढरं ‘फ्लॉक’, गुरं नि हत्ती ‘हर्ड’, कुत्रे-लांडगे ‘पॅक’, उडत्या मधमाश्या ‘स्वॉर्म’. मासे ‘स्कूल’, पण त्याचा शिकण्याच्या शाळेशी संबंध नाही. तो डच भाषेतून आलेला, कळप या अर्थाचा वेगळा शब्द. आपली कावळ्यांची शाळा मात्र खरोखर वर्गातल्या गलक्यावरून. इंग्रजीत कावळ्यांना ‘मर्डर’ आणि फ्लेमिंगोंना ‘फ्लॅम्बॉयन्स’ म्हणतात, असं इंटरनेटवर हौसेने सांगतात. चूक नाही, पण रोजच्या लिहिण्यात ते कोणी वापरत नाही. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी ‘फ्लॉक’च लिहा. आणि ‘अ फ्लॉक ऑफ फ्लेमिंगोज’नंतर परीक्षेत ‘इज’ लावा. थवा एक आहे, पक्षी कितीही असोत.