भोपळ्यातल्या म्हातारीची पेटी करायचीय? माझं उत्तर जरा लांबलंय

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाचीच्या वाढदिवसाला म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीची काचेची पेटी करून द्यायचीय, त्यासाठी ए थ्री कार्डशीटवर म्हातारीचं घर, जंगल, कोल्हा, वाघ, लेकीचं घर आणि परत येतानाचा भोपळा असं सगळं कापून फेविकॉलनं चिकटवलं, तर कागद फुगला, कडा वर आल्या, आणि चमकी, टिकल्या, बाजारातली तयार फुलं लावूनसुद्धा त्यात जीव येईना. शिवाय विट्यात काय मिळत नाही, सांगलीला कुठं जाऊ आणि पावसाळ्यात हे टिकेल का, असंही विचारलंय. एकेक सांगते.

फेविकॉलचं नंतर बघू, पहिली अडचण वेगळीच आहे. तुम्ही अख्खी गोष्ट एका कागदावर बसवायला गेलाय. आपल्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी आहेत बघा, ठाकर समाजाची कला, परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. त्यांच्या पोथीतलं एक चित्र म्हणजे एक प्रसंग, रामायण-महाभारतातला. चित्र समोर धरायचं, गाऊन सांगायचं, मग ते बाजूला ठेवून पुढचं. चित्रात सगळं नसतंच, कारण सांगणारा माणूस शेजारी बसलेला असतो. तुमच्या भाचीलाही गोष्ट कोणीतरी सांगणारच आहे, तुम्ही, तिची आई नाहीतर आजी. मग पेटीनं सगळी गोष्ट सांगायची गरजच काय? पेटीत एकच क्षण ठेवा, आधी काय झालं आणि पुढं काय होणार ते पोरीच्या तोंडनं येऊ दे.

कुठला क्षण? बरेचजण म्हातारी आणि वाघ समोरासमोर उभे करतात, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन" वाला. मला तो तितका आवडत नाही, कारण तिथं म्हातारी घाबरलेली आहे आणि चित्रात नुसती भीती दिसते. त्यापेक्षा परतीचा घ्या. भोपळा घरंगळत चाललाय, आत म्हातारी आहे हे आपल्याला माहितीय, वाघाला नाही. वाघ कान टवकारून बघतोय. सगळी गंमत त्या न कळण्यात आहे. म्हणजे पेटीत तीनच गोष्टी, भोपळा, वाघ आणि वाट. लेकीचं घर दाखवायचंच असेल तर मागच्या पडद्यावर अगदी लहान, फिकट, एक दिवा लावलेलं, बास.

आता थर. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथंच सीतास्वयंवर केलं, तेव्हा पेटी करताना रंगमंच डोळ्यासमोर ठेवणं आपल्याला तरी अवघड जाऊ नये. पुढं दोन्ही बाजूला विंगा, मध्ये पात्रं, मागं पडदा. विंगा सगळ्यात गडद आणि मोठ्या, मागं जाईल तसा रंग फिकट करत न्यायचा, आकार लहान. पाच-सात थर करू नका, चार पुष्कळ झाले, प्रत्येकामध्ये ५ ते ६ मिमी अंतर. हे अंतर द्यायला महागाचा फोमबोर्ड लागत नाही, तासगावच्या बेदाण्याचा रिकामा खोका असतो ना, पाच प्लायचा म्हणजे पाच पदरी पुठ्ठ्याचा, त्याच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, जाडी बरोबर तेवढीच भरते. फक्त असा खोका काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याला चिकटलेला कागदही पिवळा करतो, म्हणून पट्ट्यांना पांढरा हातकागद गुंडाळून घ्या.

कागद का फुगतो ते एकदा समजलं की पुढची सगळी कामं सोपी होतात. मिलच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेनं बसलेले असतात. ओल लागली की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो, त्यामुळं कागद एकाच बाजूला वाढतो आणि वळतो. तंतूची दिशा बघायची तर शीट न मोडता दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतं तिकडं घडीच्या रेषेला समांतर तंतू. सगळ्या थरांची ही दिशा एकच ठेवा, उभी. दुसरं म्हणजे मोठ्या भागावर फेविकॉल फासू नका, त्यात पाणी असतं. पात्रं चिकटवायला ठिपके पुरतात, नाहीतर डबल टेप. पडदा मात्र पूर्ण चिकटवावा लागतो, तेव्हा पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच चिकटीनं लावायचा, दोन्हीकडून ताण सारखा पडतो आणि पुठ्ठा सरळ राहतो. मग बटर पेपरमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, रात्रभर. फॅनखाली वाळवायचं नाही, घाई केली की वळलाच म्हणून समजा.

कार्डशीट पात्रांसाठी ३०० जीएसएमचं, म्हणजे जाडसर, घ्या. पडद्याला आणि भोपळ्याला मात्र हातकागद, पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, जाणंयेणं असेल तर तिथनं आणा, सुती चिंध्यांचा कागद रंग पितो छान आणि फाडल्यावर कडेला जी मऊ लव येते ती कात्रीनं कधीच येत नाही. डोंगर, ढग, वाट हे सगळं फाडूनच करा. कात्री फक्त वाघाला.

आता चमकी आणि टिकल्या. काढून टाका सगळ्या, खरंच सांगते. ती फुलं कुठल्याही पेटीत बसतील, या गोष्टीची नाहीत. साहित्य गोष्टीतनं आणि आपल्या गावातनं काढा. सांगली म्हणजे हळद, आणि आपला भोपळा पिवळाच, मग पोस्टर कलर कशाला? हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसते आणि कागदावर कण राहतात, म्हणून चमचाभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये नाहीतर साध्या सॅनिटायझरमध्ये कालवून तासभर ठेवा, वरचं निवळ घ्या आणि ब्रशनं हातकागदावर द्या. पारदर्शक, गरम पिवळा येतो. तो वाळला की पानात खायचा चुना पाण्यात कालवून निवळू द्या आणि त्या निवळीनं बारीक ब्रशनं भोपळ्याच्या शिरा ओढा. ब्रश टेकताक्षणी पिवळ्याचा विटकरी लाल होतो, कुंकू हळदीपासून करतात ते याच रसायनानं. पोरांना हे समोर करून दाखवा, पण चुना डोळ्यात जाणार नाही एवढं बघा. आणि हळदीचा रंग उन्हानं उडतो, हे आधीच लक्षात ठेवा, पेटी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावायची नाही.

म्हातारीच्या लुगड्याला शिंप्याकडनं इरकलीच्या काठाची चिंधी मागून आणा. कापड थेट कापलं की दोरे सुटतात, आधी मागनं पातळ कागद खळीनं, म्हणजे पिठाच्या शिजवलेल्या चिकीनं, चिकटवा, वाळवा, मग कापा, कागदासारखं सुबक कापलं जातं. वाघाच्या मिशांना हळदीच्या पोत्याचा तागाचा दोरा, उकलून. विंगेतल्या गवताला उसाचं पाचट, उभं चिरून, पण त्यात किडे असतात, दोन दिवस कडक उन्हात टाकून वरनं इस्त्री फिरवल्याशिवाय पेटीत घ्यायचं नाही.

आता भोपळा, ज्यासाठी मी हे सगळं टाईप करत बसलेय. तो चिकटवू नका. तो घरंगळला पाहिजे, पेटी डावीकडं कलवली की डावीकडं, उजवीकडं कलवली की उजवीकडं. याला मोटर वगैरे काही लागत नाही, एक रुपयाची सारखी दोन नाणी पुरतात. मधल्या थराच्या शीटमध्ये जिथं वाट आहे तिथं आडवी लांब फट कापा, ६ ते ७ मिमी रुंद, टोकं गोल, कडा एकदम गुळगुळीत, पाहिजे तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. फट सरळ न ठेवता हलकी लाटेसारखी काढली तर भोपळा खरंच टुणुक टुणुक जातो, पण चढ फार देऊ नका, अडकतो. फोमच्या डबल टेपचा ५ मिमीचा गोल ठिपका कापा, तो मागच्या नाण्याच्या बरोबर मधोमध चिकटवा, फटीतनं पुढं काढा आणि पुढनं दुसरं नाणं दाबून बसवा. म्हणजे शीट दोन नाण्यांच्या मध्ये आली आणि फोमचा ठिपका फटीच्या खालच्या कडेवर टेकून गोल फिरत पुढं सरकतो. ठिपक्याच्या कडेला चिकट राहिलेलं असतं, तिथं टाल्कम पावडर लावा, नाहीतर हलणारच नाही, दहातले नऊ जण इथंच अडकतात. पुढच्या नाण्यावर भोपळा, साधारण ६ सेंमीचा, हलका आणि नाण्याच्या मध्याला मध्य जुळवून. मागचं नाणं मागच्या थराला घासता कामा नये आणि पुढं भोपळा काचेला लागता कामा नये, पुढं एक सेंटिमीटर जागा सोडा.

इथं एक प्रश्न येतो, भोपळा फिरणार म्हणजे आतली म्हातारी उलटी होणार. होऊ दे की! भोपळ्याला चार बाजूंनी चार छोट्या खिडक्या कापा, एकीत डोळा, एकीत काठीचं टोक, एकीत लुगड्याचा काठ, एकीत नाक. जिथं थांबेल तिथं वेगळंच काहीतरी वर येतं आणि अख्खी म्हातारी कधीच दिसत नाही. ती भाचीनंच मनात जोडायची.

नाण्यांचं काम नको असेल तर भोपळा लगद्याचा उठावदार करा. आपल्या सांगलीच्या गणपती मंदिरातला चोर गणपतीही कागदाच्या लगद्याचाच आहे आणि तो विसर्जन न करता वर्षानुवर्षं जपलाय, तेव्हा लगदा टिकत नाही ही समजूत सोडा. वर्तमानपत्र रात्रभर भिजवा, कुटा, घट्ट पिळा, खळीत मळा आणि पातळ थरांत द्या, एकदम जाड दिला तर आतनं कुजतो. अजून हौस असेल तर मिरजेला सतारमेकर गल्लीत जा, सतारीसाठी भोपळे कापतात त्याचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर मिळतात. खऱ्या भोपळ्याचं कवच पेटीच्या चौकटीला लावलेलं बघायला फार सुंदर दिसतं. कापताना तोंडाला रुमाल बांधा, भुसा घशात जातो.

सांगलीला आलात तर हळद कुठल्याही वाण्याकडं मिळेल, कार्डशीट, फोम टेप, बटर पेपर हरभट रोडला स्टेशनरीच्या दुकानांत बघा, ॲक्रिलिकची शीट फ्रेम करणाऱ्याकडं. लहान पोर ही पेटी हलवणारच, त्यामुळं काचेऐवजी २ मिमी ॲक्रिलिकच लावा.

पावसाळ्याचं. खळीला कसर लागते, जुने बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, पण ते विषारी आहे, पोराच्या वस्तूत घालू नका. बाहेरून हात लागणारा भाग फेविकॉलनं करा आणि खळ फक्त आतल्या थरांना, तीही एकदम पातळ. मागचा पुठ्ठा ब्राऊन टेपनं चारी बाजूंनी बंद करा, आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि पेटी यात हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथनंच येते.

आणि वाढदिवसाला आठवडाच उरलाय म्हणताय, तर क्रम असा धरा: आज हळदीचे कागद रंगवून ठेवा आणि पाचट उन्हात टाका, उद्या पडदा चिकटवून वजनाखाली, तोवर एका वेगळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फट कापून नाणी फिरवून बघा. ती नीट घरंगळायला लागल्याशिवाय वाघ कापायला घेऊ नका.