कॅनडाला येताय, तर अमेरिकेबद्दल थोडं

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी पुढच्या वर्षी नाशिकहून टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात राहायला येताय. इंग्रजी मालिका आणि सिनेमे बघून अमेरिका बऱ्यापैकी ओळखीची झाली आहे, मग कॅनडा म्हणजे साधारण तेच ना, असं तुम्ही विचारलंत. तिथे जगभरातून आलेली माणसं अमेरिकन संस्कृतीकडे कशी बघतात, ऑफिसात त्यावर काय बोलावं, आणि मुलगी पूर्ण 'अमेरिकन' होऊन जाईल का, हेही विचारलंत. मी टोरांटोच्या परिसरात बरीच वर्षं राहते. घरभाडं, शाळा, लायसन्स यावर सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. या विषयावर सहसा कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर: कॅनडा म्हणजे अमेरिका नाही. इथल्या माणसाला 'तुमचं सगळं अमेरिकेसारखंच आहे' असं म्हणालात तर तो हसून विषय बदलेल, पण त्याला ते लागेल. आणि हाच माणूस गाडीत अमेरिकन गाणी ऐकतो, रात्री अमेरिकन मालिका बघतो, सुट्टीत फ्लोरिडाला जातो. यात ढोंग अजिबात नाही. आपण मराठी माणसं हे इतरांपेक्षा लवकर समजू शकतो, कारण आपलं हिंदीशी नेमकं असंच नातं आहे. लहानपणापासून हिंदी सिनेमावर आपण हसलो, रडलो, अंताक्षरीत निम्म्याहून जास्त गाणी हिंदीच म्हटली. पण दिल्लीचा एखादा सहकारी म्हणाला, 'मराठी म्हणजे हिंदीसारखंच की', तर कसं वाटतं ते आठवा. कॅनेडियन माणूस अमेरिकेबद्दल बोलत असताना ती भावना मनात ठेवलीत, तर तुमचं पाऊल चुकणार नाही.

इथली बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे. लोकसंख्या चार कोटींच्या आसपास, शेजाऱ्याची त्याच्या आठपट, आणि फ्रेंच बोलणारा क्वेबेक प्रांत सोडला तर भाषाही एकच. टोरांटोत छपरावर अँटेना लावला की पलीकडच्या बफेलोची चॅनल्स पहिल्यापासून दिसायची. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान पिएर त्रुदो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन म्हणाले होते की तुमच्या शेजारी राहणं हे हत्तीशेजारी झोपण्यासारखं आहे; प्राणी कितीही मायाळू असो, त्याच्या प्रत्येक हालचालीने आम्ही हलतो. हे वाक्य इथे आजही सगळ्यांच्या तोंडी आहे.

म्हणून इथल्या सरकारने नियम केले. १९७१ पासून रेडिओ केंद्रांवर ठरावीक प्रमाणात कॅनेडियन गाणी लावणं बंधनकारक आहे. सुरुवातीला ३० टक्के होतं, नंतर लोकप्रिय संगीतासाठी ३५ झालं. गाणं कॅनेडियन कशाला म्हणायचं याचे चार निकष आहेत: संगीत कुणाचं, गायक कोण, सादरीकरण किंवा ध्वनिमुद्रण कुठलं, शब्द कुणाचे. चारपैकी दोन जुळले पाहिजेत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉलेजच्या गॅदरिंगला ज्याची गाणी हमखास वाजायची तो ब्रायन अ‍ॅडम्स मूळचा कॅनेडियन. पण १९९१ च्या त्याच्या अल्बममधली गाणी त्याने एका परदेशी निर्मात्याबरोबर मिळून लिहिली होती, म्हणून नियमाप्रमाणे ती कॅनेडियन ठरेनात! खूप वाद झाला आणि नियमात दुरुस्ती करावी लागली. हा किस्सा इथे कुणालाही विचारा, ऐकायला मिळेल.

आपल्यातल्या काही जणांना हे कोटे हास्यास्पद वाटतात. 'चांगलं असेल ते चालेल, सक्ती कशाला?' असं म्हणतात. मला ते पटत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमाला प्राइम टाइमचा खेळ द्यायला सांगितलं, तेव्हाही हेच ऐकवलं गेलं होतं. चांगला मराठी सिनेमा सकाळी साडेनऊला लावला तर तो चालणार कसा, हे आपल्याला ठाऊक आहे. कॅनडाचं दुखणं तेच, फक्त समोर हिंदीच्या जागी हॉलिवूड.

आणि हॉलिवूडमध्ये कॅनडा किती आहे ते इथे आल्यावर कळेल. 'सूट्स' ही अमेरिकन मालिका तुम्ही पाहिली असेलच. तिच्यातलं न्यूयॉर्क बहुतांशी टोरांटो आहे. डाउनटाउनला गेलात की त्या काचेच्या इमारती ओळखू येतील. मूकपटांच्या काळात 'अमेरिकेची लाडकी' म्हणून गाजलेली मेरी पिकफोर्ड टोरांटोत जन्मली. बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, पण सुरू करणारा जेम्स नेस्मिथ ऑन्टारियोचा, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथला. जिम कॅरी, सेलीन डिऑन, ड्रेक, सगळे इथलेच. टीव्हीवर असं कुणी दिसलं की कॅनेडियन माणूस 'हा आपला बरं का' असं सांगितल्याशिवाय राहत नाही. अगदी आपल्यासारखंच.

२०२५ मध्ये हे सगळं एकदम टोकदार झालं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी कॅनडाला अमेरिकेचं ५१ वं राज्य म्हणण्याचा सपाटा लावला, आयातशुल्क लावलं, आणि एरवी शांत असणारे लोक बदलले. मार्चमध्ये ऑन्टारियोच्या सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन माल काढून टाकला. किराणा दुकानांत कॅनेडियन मालापुढे मॅपलच्या पानाचं चिन्ह लागलं. त्या दिवसांत भाजीच्या रांगेत माझ्यापुढे एक सत्तरीच्या बाई होत्या. स्ट्रॉबेरीचा डबा उचलायच्या, चष्मा कपाळावर सरकवून खालचं बारीक अक्षर वाचायच्या, कॅलिफोर्निया दिसलं की परत ठेवायच्या. असे तीन-चार डबे पाहून शेवटी त्यांनी ऑन्टारियोची सफरचंदं घेतली. मला म्हणाल्या, माझी बहीण मिशिगनला असते, तिच्यावर माझा राग नाही. फेब्रुवारीत आइस हॉकीच्या चार देशांच्या स्पर्धेत कॅनडाने बॉस्टनमध्ये अमेरिकेला जादा वेळेत ३-२ हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीत मध्यरात्रीपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तरी त्याच घरांतून अमेरिकन मालिका बंद झाल्या नाहीत. शेजाऱ्याचं सरकार आणि शेजाऱ्याची गाणी यांचे हिशेब इथे वेगळे ठेवतात.

हे झालं इथल्या जुन्या रहिवाशांचं. मिसिसागात तुमच्या आजूबाजूला निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्या देशात जन्मलेली असतील, आणि प्रत्येकाची अमेरिका वेगळी असते.

माझ्या शेजारी एक इराणी कुटुंब आहे. त्या बाई तेहरानमध्ये ऐंशीच्या दशकात वाढल्या. व्हिडिओ कॅसेटवर बंदी होती. एक माणूस ब्रीफकेसमध्ये कॅसेट लपवून घरोघरी यायचा, आई दार लावून घ्यायची, पडदे ओढायची, आणि मग घरातले सगळे जमिनीवर बसून सिनेमा बघायचे. कित्येकदा कॉपीची कॉपी, माणसांचे चेहरेसुद्धा धूसर. बाहेर भिंतीवर अमेरिकेच्या निषेधाच्या घोषणा, आत अमेरिकन सिनेमा. आणि १९७९ च्या क्रांतीनंतर त्यांचे लाडके गायक देश सोडून लॉस एंजेलिसला गेले, त्यामुळे त्यांची स्वतःच्या भाषेतली नवी गाणीसुद्धा अमेरिकेतूनच चोरून यायची. अमेरिकन मनोरंजनाला कुणी उथळ म्हटलं तर त्या गप्प बसतात. एकदा मात्र म्हणाल्या, आम्हाला त्या उथळपणासाठी शिक्षा होऊ शकत होती. त्यानंतर मी तो शब्द जपून वापरते.

फिलिपिनो सहकाऱ्यांना अमेरिका परकी वाटतच नाही. १८९८ ते १९४६ अमेरिकेची सत्ता, शाळा इंग्रजीतून, गल्लोगल्ली बास्केटबॉलची रिंग. अमेरिकन गाणी त्यांच्या आजोबांनाही पाठ असतात. जमैकन माणसाशी हिप-हॉपवर बोललात तर तो अभिमानाने सांगेल की १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मानतात, तिथला डीजे कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला होता. म्हणजे अमेरिकन म्हणून जगभर गेलेली वस्तू त्याच्या दृष्टीने घरचीच. कोरियन मंडळींना २००६ आठवतं. अमेरिकेशी व्यापार करार करताना तिथल्या थिएटरांत देशी सिनेमा दाखवण्याचे सक्तीचे दिवस १४६ वरून ७३ वर आणले होते आणि नटनट्या रस्त्यावर उतरल्या होत्या. २०२० मध्ये त्यांच्या सिनेमाने ऑस्करचं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक नेलं, याचा आनंद त्या आठवणीमुळे दुप्पट आहे.

आणि क्वेबेक! जमलं तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथल्या मॉन्ट्रियल शहराला जाऊन या. १९७७ च्या भाषा कायद्यानंतर तिथे फ्रेंचचं राज्य आहे. केएफसीच्या पाटीवरसुद्धा पीएफके, म्हणजे त्याच नावाची फ्रेंच आद्याक्षरं, लिहिलेली असतात, खुद्द फ्रान्समध्ये केएफसीच लिहितात तरी. फ्रेंच रेडिओवर लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के फ्रेंच असावी लागतात. त्यांचे स्वतःचे नट, गायक, मालिका आहेत. टोरांटोतल्या माणसाला कॅनेडियन मालिकेतली पाच नावं विचारा, तो विचारात पडेल. मॉन्ट्रियलचा टॅक्सीवाला घडाघडा सांगेल. त्यामुळे अमेरिकन संस्कृतीची धास्ती मला तिथे कमी दिसली. ते अमेरिकन सिनेमा मजेत बघतात आणि घरी येऊन आपलं गाणं लावतात. मराठीचा विचार करणाऱ्या माणसाने तिथून खूप शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आपली भारतीयांची अमेरिका उशिरा आणि एकदम आली. १९९१ नंतर केबलवाल्याने वायर ओढली आणि दूरदर्शनच्या घरात अमेरिकन मालिका शिरल्या. १९९६ मध्ये मुंबईत मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अंधेरीत मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. पण आपला सिनेमा इतका भक्कम की हॉलिवूड आपल्याकडे पानातल्या लोणच्याइतकंच राहिलं. शिवाय ते आपल्याकडे इंग्रजी येणाऱ्यांचं, थोडं वरच्या पायरीचं मानलं गेलं. इथे ते सगळ्यात साधं, रोजचं, ट्रकवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं आहे. इंग्रजी मालिका पाहिल्या आहेत म्हणून इथे कुणावर छाप पडत नाही. उलट तुमच्या गावाबद्दल, नाशिकच्या द्राक्षांबद्दल बोललात तर माणसं खुर्ची ओढून ऐकतात.

ऑफिसचं विचारलंत. ऑक्टोबर ते जून आइस हॉकी. नियम कळले नाहीत तरी टोरांटो मेपल लीफ्स या इथल्या संघाने १९६७ नंतर स्टॅनली कप, म्हणजे हॉकीतला सर्वांत मोठा चषक, जिंकलेला नाही एवढं माहीत असू द्या, आणि त्यावरून चिडवू मात्र नका, निदान पहिल्या वर्षी. २०१९ मध्ये टोरांटोच्या रॅप्टर्स संघाने बास्केटबॉलची एनबीए स्पर्धा जिंकली, त्या विषयाला नव्याने आलेली मंडळी जास्त खुलतात. थँक्सगिव्हिंग इथे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, अमेरिकेसारखा नोव्हेंबरात नाही. अमेरिकन राजकारणावर पहिले काही महिने ऐकण्याचं काम करा.

राहिली मुलगी. तिच्या अमेरिकन होण्याची काळजी मिसिसागावर ढकलू नका. तेच यूट्यूब, तेच खेळ नाशिकच्या घरातही तिच्या हातात आहेत. इथे ती सकाळी शाळेत कॅनडाचं राष्ट्रगीत ऐकेल, वर्गात निरनिराळ्या देशांची मुलं असतील, त्यांच्या डब्यांतून आणि वाढदिवसांतून तिला जग दिसेल. उच्चार सहा महिन्यांत बदलतील, त्याला अडवू नका. धोका मराठीला आहे, आणि तो इंग्रजीकडून आहे, अमेरिकेकडून नव्हे. घरात मराठीच बोला, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत पहिल्या महिन्यातच नाव घाला, आणि तिच्यासोबत मराठी सिनेमा बघा, समजावून सांगत. दुसऱ्या वर्षावर ढकललंत तर तोवर मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायला लागलेली असतात. हे मी आसपासच्या किती तरी घरांत पाहिलं आहे.

आणि तिला पहिल्याच हिवाळ्यात स्केटिंगला घाला, महापालिकेचे वर्ग परवडणारे असतात. मैत्रिणी तिथेच जमतात. स्केट्स नव्या घेऊ नका, वापरलेल्या चांगल्या मिळतात, आणि पाय वाढले की पुढच्या वर्षी त्या विकून मोठ्या घेता येतात. मोजे मात्र तिकडून आणू नका, इथलेच जाड घ्या.