उबुंटूवर पिप (पायथनची पॅकेजं टाकणारं टूल) पॅकेज टाकू देत नाही. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय देऊन पुढे जाऊ का?

नका जाऊ. ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ हा एरर म्हणजे बिघाड नाही, ती मुद्दाम केलेली अडवणूक आहे. पेप ६६८ या पायथनच्या सुधारणा-प्रस्तावात हा नियम ठरला आणि २०२३ साली उबुंटू २३.०४ व डेबियन १२ मध्ये तो लागू झाला.

उबुंटूची स्वतःचीच कितीतरी टूल्स पायथनमध्ये लिहिलेली आहेत. पीपीए (बाहेरचा सॉफ्टवेअर-साठा) जोडायचं ॲड-एपीटी-रिपॉझिटरी घ्या, नाहीतर यूएफडब्ल्यू फायरवॉल. त्यांना लागणाऱ्या लायब्ररी एपीटी, म्हणजे उबुंटूचं पॅकेज सांभाळणारं टूल, ठेवतं /यूएसआर/लिब/पायथन३ मध्ये. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, चालवलेलं पिप मात्र /यूएसआर/लोकल/लिबच्या खाली टाकतं. जागा वेगळ्या आहेत, मग अडलं कुठे? शोधायच्या क्रमात. पायथन आधी लोकलमध्ये बघतं. तुम्ही आणलेली नवी आवृत्ती एपीटीच्या आवृत्तीला झाकून टाकते आणि एपीटीला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या सातबाऱ्यावर जुनीच नोंद असते. पुढे कधीतरी भलतंच टूल बंद पडतं, आणि एपीटीला विचाराल तर सगळं आलबेल!

आधी कधी सुडो पिप केलं असेल, तर /यूएसआर/लोकल/लिबमधली डिस्ट-पॅकेजेस डिरेक्टरी उघडून बघा. डेबियनच्या नियमानुसार एपीटीची पॅकेजं तिथे फाइल ठेवत नाहीत. म्हणजे दिसेल ते माणसानेच टाकलेलं. पिप अनइन्स्टॉलने काढा. काढतानाही तोच एरर येईल. तेवढ्यापुरता ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ पर्याय दिलात तर माझी हरकत नाही.

नव्या कामासाठी प्रत्येक प्रोजेक्टला आपापलं व्हेन्व, म्हणजे पायथन पॅकेजांचा वेगळा कप्पा. उबुंटूवर त्यासाठी पायथन३-व्हेन्व हे पॅकेज एपीटीने वेगळं घ्यावं लागतं. यूट्यूब-डाउनलोडरसारखी नुसती कमांड हवी असेल तर पिपएक्स वापरा. ते प्रत्येक टूलला स्वतंत्र व्हेन्व करून देतं आणि कमांड तुमच्या होममधल्या .लोकल/बिनमध्ये ठेवतं. सुडो लागतच नाही.

एक मात्र लक्षात असू द्या, व्हेन्वमध्ये फक्त पायथनचा पसारा मावतो. मायएसक्यूएल-क्लायंट हे डेटाबेसशी जोडणारं पायथन पॅकेज टाकायला जाल तर व्हेन्व असूनही ते बिल्ड होताना अडेल, कारण त्याला सीची लायब्ररी आणि तिच्या हेडर फाइल लागतात. त्या पिप आणत नाही. त्यासाठी एपीटीने डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह, पायथन३-डेव्ह, बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग घ्या, मग व्हेन्वमध्ये पिप पुन्हा चालवा.