नवा गॅस बॉयलर: सप्लायरचा माणूस "एका दिवसात चालू करून देतो" म्हणाला तर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) ताशी दीड टन वाफेचा गॅसवरचा नवा बॉयलर बसलाय, सप्लायरचा इंजिनियर पुढच्या आठवड्यात येऊन एका दिवसात चालू करून देणार आहे, आपण फक्त पाणी, वीज आणि गॅस तयार ठेवायचं का, असं तुम्ही विचारलंय. "एका दिवसात" वाचलं आणि राहवलं नाही. वडोदऱ्याजवळच्या पोर गावातल्या आमच्या युनिटला अगदी हेच शब्द ऐकवले होते.

हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), निरीक्षकाची परवानगी, सर्टिफिकेटवाला अटेंडंट हे सगळं मार्गी लागलंय असं धरतो. १ मे २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आलाय, तेव्हा कागदपत्रांबद्दल जुन्या लोकांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. माझा अनुभव तीन-पास शेल टाइपचा आहे, म्हणजे मोठ्या टाकीतल्या पाण्यातून गरम धुराच्या ट्यूब जातात तो. तुमचा कॉइल टाइप (पाणी गुंडाळलेल्या नळीतून फिरतं तो) असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. मॅन्युअल आणि मी यांत फरक पडला तर मॅन्युअलचं ऐका.

एका दिवसात काम उरकलं म्हणजे बहुतेक वेळा बॉईल-आउट (आत रसायनाचं पाणी उकळून साफ करणं) वगळलेला असतो. नव्या बॉयलरच्या आत ट्यूब रोल करतानाचं तेल असतं, गंज लागू नये म्हणून चोपडलेलं ग्रीस असतं, वेल्डिंगची खपली असते. ते निघावं म्हणून पाण्यात ट्रायसोडियम फॉस्फेट आणि कॉस्टिक घालून मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं, मधूनमधून ब्लोडाऊन द्यायचा (तळाच्या व्हॉल्व्हने थोडं पाणी सोडायचं), निवल्यावर रिकामा करून हँडहोल (हात घालायची भोकं) उघडायचे, आतून धुवायचं आणि नवी गॅस्केट टाकून बंद करायचं. प्रमाण मॅन्युअलमध्ये असतं. कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि रबरी हातमोजे पाहिजेतच. मंद आचेने रिफ्रॅक्टरीही (आतलं आग सोसणारं अस्तर) सावकाश सुकते, पहिल्याच दिवशी हाय फायर (पूर्ण आच) दिला तर ती तडकते.

आमच्याकडे बॉईल-आउट केलाच नाही. आतल्या तेलामुळे पाण्याला फेस यायला लागला, गेज ग्लासमधली (पाणी दाखवणाऱ्या काचेतली) पातळी सारखी नाचायची, आणि मोब्रे, म्हणजे पाणी कमी झालं की आग बंद करणारा तरंगता स्विच, दर थोड्या वेळाने बर्नर बंद पाडायचा. मोब्रे आपलं काम चोख करत होता. पण मालकांसमोर वाफ दाखवायची होती, म्हणून त्या इंजिनियरने पॅनलमध्ये लो-वॉटरच्या दोन टर्मिनलमध्ये तारेचा तुकडा टाकला. जंपर, म्हणजे मोब्रेने काहीही सांगितलं तरी पॅनलला पाणी ठीकच दिसणार. बर्नर न पडता चालला, सगळे खूश, रिपोर्टवर "लो-वॉटर ट्रिप: ओके" अशी खूण झाली आणि माणूस संध्याकाळच्या गाडीने परत गेला. तार तिथेच राहिली.

पुढे एका रात्रपाळीला फीड टँकमधल्या कचऱ्याने पंपाचा स्ट्रेनर (गाळणीची जाळी) चोंदला. पंप फिरतोय, पाणी चढत नाही. ग्लास रिकामी, बर्नर चालूच. नवा पोरगा हातानेच दुसरा पंप सुरू करायला धावला, तेव्हा आमचे जुने अटेंडंट काका ओरडले, "पाणी ना नाखता!" (पाणी घालू नका!) त्यांनी आधी बर्नर बंद केला, गॅसचा कॉक बंद केला आणि बॉयलर तसाच निवू दिला. तापून लाल झालेल्या ट्यूबवर पाणी पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. तुमच्या अटेंडंटला दुसरं काही नाही तरी हे पाठ करून घ्या: ग्लासमध्ये पाणी दिसत नसेल तर पाणी घालायचं नाही, आग विझवायची.

मागच्या ट्यूब प्लेटला (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पत्र्याला) ट्यूबची टोकं गळायला लागली होती. काही ट्यूब बदलल्या, काही पुन्हा एक्सपांड केल्या (टोकं फुगवून घट्ट बसवल्या), दुरुस्तीची परवानगी, परत हायड्रो. तोवर वाफेवरचं सगळं काम ठप्प. आणि सप्लायरच्या सर्व्हिस खात्याचं उत्तर काय, तर "जंपर तुमच्याच माणसाने टाकला असेल, आमच्या रिपोर्टमध्ये ओके आहे." त्या एका खुणेवर ते महिनोन्‌महिने अडून बसले. कोण ते लिहीत नाही, पण या प्रकाराचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: कागदावरची खूण ही टेस्ट नव्हे. ती परिस्थिती खरोखर घडवा, आणि उरलेलं पेमेंट त्यानंतरच सोडा. गॅसचा हातकॉक बंद ठेवून बर्नर सुरू करा. पंख्याने पर्ज झाला पाहिजे (आतली हवा-गॅस बाहेर फेकली गेली पाहिजे), ठिणगी पडली पाहिजे, ज्योत न दिसल्याने लॉकआउट झाला पाहिजे (बर्नर आपोआप बंद होऊन तसाच राहिला पाहिजे). चालू बर्नरचा फ्लेम सेन्सर काढून झाका, गॅस लगेच तुटला पाहिजे. मग लो फायरवर फीड पंप बंद करून सावकाश ब्लोडाऊन द्या, नजर ग्लासवर ठेवा. पाणी ग्लासमध्ये दिसत असतानाच बर्नर पडला पाहिजे, नाही पडला तर हाताने बंद करा. दुसरी, त्याहून खालच्या पातळीची ट्रिप (बर्नर बंद करणारी सुरक्षा) वेगळी आणि हाताने रीसेट करायची असावी. शेवटी वीज बंद करून पॅनल उघडा आणि ड्रॉइंगशी एकेक टर्मिनल ताडून बघा. इंजिनियर कंटाळेल, कंटाळू दे.

गॅसबद्दल एकच. नव्या लोखंडी पाइपात गॅसला घातलेला वास काही काळ पाइपच शोषून घेतो, तेव्हा "वास येत नाही म्हणजे गळती नाही" असं समजू नका. जोडांना साबणाचं पाणी आणि डिटेक्टर, दोन्ही लावा. लाइनमधली हवा काढताना व्हेंट शेडच्या बाहेर, ठिणगीपासून लांब हवा. पाइपातला गॅस मुख्यतः मिथेन, आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेटतो.

जाता जाता: तुम्ही बोअरचं पाणी वापरणार असाल तर सॉफ्टनर आधी चालू करून कडकपणा किटने तपासा, मगच बॉयलर भरा. फीड टँक आतून हाताने पुसून घ्या आणि पहिले काही दिवस स्ट्रेनर रोज उघडा.

नेमप्लेटचा आणि पॅनल ड्रॉइंगचा फोटो टाकता आला तर टाका, लो-वॉटरची तार कुठल्या टर्मिनलला जाते ते बघून सांगतो.